धूर टाकणारी घ्यावी की गंजलेली?

पन्नास-साठ हजारांत चारचाकी शोधायला निघालं की फिरून फिरून दोनच प्रकारच्या गाड्या समोर येतात. एक देशावरची. पत्रा ठणठणीत, रंग उन्हाने विटलेला, आणि सेल्फ मारला की मागून निळा धूर. दुसरी कोकणातली. इंजिन गुपचूप चालतं, सीट कव्हर नवीन, आणि दाराखालच्या पट्टीवर रंगाला दोन-चार फोड. "किरकोळ काम आहे" हे वाक्य मात्र दोन्ही मालकांच्या तोंडी सारखंच असतं.

उदाहरणाला दोन्हीकडे २०१०च्या आसपासची, ७९६ सीसीची अल्टो धरू. सामान तालुक्याच्या गावी मिळतं आणि मेकॅनिकला काही शिकवावं लागत नाही.

आधी धूर. बॉनेट उघडण्यापूर्वी त्यावर हात ठेवा. "रात्रभर उभी होती" म्हणतात आणि पत्रा कोमट लागतो, तर ती तुमच्यासाठी तापवून ठेवलेली आहे. परत जा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता या. थंड इंजिन सुरू होताना एकदाच निळा भपका आला आणि मिनिटाभरात विरला, तर बहुतेक वॉल्व्ह सील कडक झालेत. रात्रभरात ऑइल वॉल्व्हच्या दांडीवरून झिरपतं आणि सुरू होताना जळतं. घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर असाच भपका येतो, त्याचंही कारण हेच. धूर दाबू तसा वाढत गेला आणि इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा आणि तोंडावर नुसतं उलटं ठेवा. ते थडथड नाचू लागलं, तोंडातून धूर फुसफुसला, तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली गळतोय. पांढरा धूर वेगळा. थंडीच्या सकाळी दिसणारी वाफ दोन मिनिटांत जाते. तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय.

शंका उरली तर कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावायला सांगा. नुसत्या आकड्यापेक्षा तिन्ही सिलिंडरमधला फरक बोलतो. जो कमी दाखवतो त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर वॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. पंधरा मिनिटांच्या या कामाने बिलात दुपटी-तिपटीचा फरक पडतो. नुसतं हेडचं काम (सील, वॉल्व्ह ग्राइंडिंग, हेड फेसिंग, गॅस्केट) साध्या गॅरेजात आठ-दहा हजारांत बसतं. पूर्ण इंजिन खोललं तर तीस हजारांच्या आसपास धरून चाला. गावागणिक थोडं वर-खाली.

पूर्ण कामात घोळ होतो तो पैसे वाचवण्याच्या नादात. झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या की वरच्या बाजूला राहिलेल्या कडेवर पहिली रिंग आपटते आणि थोड्याच दिवसांत धूर परत. बोअर झिजला असेल तर ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन घ्यायचे, आणि पिस्टन हातात आल्यावरच ब्लॉक लेथवाल्याकडे न्यायचा. तो पिस्टन मोजून बोअर करतो, उलट नव्हे. इंजिन खाली उतरलेलंच असतं, तेव्हा टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि क्लच प्लेटही उरकून घ्या. हे सगळं नंतर करायचं म्हटलं तर मजुरी दुसऱ्यांदा जाते. पहिल्या पाचशे किलोमीटरला ऑइल बदला. तीन लीटरच्या आतलं काम आहे, त्यात कंजूषी नको. "भंगारातून दुसरं इंजिन टाकून देतो" हा सल्ला स्वस्त वाटतो, पण आरसीवरचा इंजिन नंबर बदलायला आरटीओच्या चकरा आल्या. आपलाच ब्लॉक दुरुस्त करणं शहाणपणाचं.

धुराची गाडी सोडून द्यावी असे प्रसंगही आहेत. खालून ठोक ठोक आवाज येत असेल, इंजिन जाम असेल, किंवा डिपस्टिकवर ऑइलऐवजी दुधाळ साय दिसत असेल, तर हात जोडावेत.

आता गंज. दारावर, बॉनेटवर, पुढच्या मडगार्डवर असेल तर त्याकडे दुर्लक्ष करा. ते भाग बोल्टने लागतात, भंगारात मिळतात. बघायचं ते रनिंग बोर्ड (दाराखालची पट्टी), कार्पेटखालचा फ्लोअर, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे टॉवर, मागच्या सस्पेन्शनचे माउंटिंग आणि स्टेपनीचा खड्डा. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक रनिंग बोर्डवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (रंगाआधी भरायची पुट्टी) भरलेली आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टणकन वाजतो, लांबी थप्प. मग दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढून कार्पेट उचला आणि अंगठ्याने दाबा. शेवटी मालकाच्याच जॅकवर गाडी चढवा. जॅक लावायची जागा चढण्याआधी आत दबली, तर पुढे काही बघायची गरज नाही. पंधरा वर्षांच्या गाडीच्या पोटाला ताजं काळं अंडरकोटिंग दिसलं की मला तरी आनंद होत नाही. (गाडीचा नंबर एमएच १२ असला म्हणून ती पुण्यातच राहिली असं नाही. जुन्या पीयूसी आणि सर्व्हिसिंगची बिलं कुठली आहेत ते बघा. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या आणि ऑगस्ट २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात बऱ्याच गाड्या बुडाल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला की गाळाची रेघ दिसते.)

एवढं बघूनही इंजिन गोड आहे म्हणून गंजकी गाडी घ्यायचा मोह होतोच, आणि हिशेबात ती स्वस्तही दिसते. टिंकर (पत्र्याचं काम करणारा) दहा-बारा हजार सांगतो. माझं पारडं फिरलं ते एका गोष्टीने: पाणी.

रनिंग बोर्ड म्हणजे पत्र्याची बंद पेटी. टिंकर बाहेरून तुकडा लावतो, वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळून जातो आणि तिथे उघडं लोखंड उरतं. बाहेर प्रायमर, लांबी, रंग, सगळं चकाचक. आत हवा आणि ओल. योग्य पद्धत अशी की गंज चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा, तुकडा सलग वेल्ड करायचा, सांधा सीलरने बुजवायचा आणि पेटीच्या आत मेण किंवा पातळ ऑइल फवारायचं. सांगूनही बहुतेक ठिकाणी गंजावरच पत्रा ठेवून चार टाके मारतात. पहिला पावसाळा निभतो. दुसऱ्या जुलैत कार्पेटखालचा नमदा स्पंजासारखा पाणी पितो. वरून हात लावला तर कोरडा, टाच दाबली की पचक. काच आतून धुकटते, ओल्या घोंगडीचा वास गणपतीपर्यंत जात नाही, खालून जाणाऱ्या वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडतात आणि कधी इंडिकेटर, कधी मागचे दिवे रुसतात. वर्तमानपत्रं पसरून काही होत नाही.

गळती शोधायची तर सीट-कार्पेट बाहेर काढून फ्लोअरवर टाल्कम पावडर भुरभुरायची. एकाने बाहेरून पाइप धरायचा, खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचं. दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन पावडरीत ओघळ कुठून उमटतो ते बघायचं. कधी दोष निघतो पुढच्या काचेखालच्या, पानांनी तुंबलेल्या निचऱ्याच्या भोकात, तेव्हा नशीब चांगलं. नाहीतर पुन्हा टिंकर, आणि "कापल्यावर कळेल" हा त्याचा अंदाज. इंजिनवाला निदान कागदावर सामानाची यादी लिहून देतो.

कागदपत्रांचा खर्च दोन्हीकडे सारखा. पंधरा वर्षं झाली असतील तर नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये, मुदत उलटली असल्यास महिन्याला ५०० वेगळे, वर पर्यावरण कर. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट बसवलेली आहे का, आणि आरसीवर बँकेचा बोजा नाही ना, हेही बघा. हा सगळा खर्च किमतीतून वळता करून मागा. नूतनीकरणाच्या तपासणीला मात्र दोघींचं दुखणं वेगळं. धूर इंजिनच्या कामाने मिटतो, सडलेल्या फ्लोअरला इन्स्पेक्टरने बोट लावलं तर बोलायला काही उरत नाही.

तरीही गंजकी गाडी कुणीच घेऊ नये असं नाही. वर्षभर हात बसवायला हवी आहे, सोलापूर-लातूरकडे न्यायची आहे, किंवा नोंदणीची मुदत संपली की भंगारातच द्यायची आहे, तर चांगलं इंजिन आयतं मिळतं. चार-पाच वर्षं वापरायची असेल तर मी धुराची बघेन. दोन्ही गाड्या जुलैत, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी सातला बघायला जा आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट स्वतः उचला.