घरगुती थ्रीडी प्रिंटरचा आवाज आणि थरथर: काही महिन्यांच्या वापरानंतर काय टिकले, काय काढले

थ्रीडी प्रिंटरचा आवाज कमी करण्यासाठी जे उपाय सर्रास सुचवले जातात, त्यांपैकी बहुतेक मी गेल्या उन्हाळ्यापासून एकेक करून माझ्या यंत्रावर बसवले. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी असे तिन्ही ऋतू उलटल्यानंतर त्यांतले कोणते खरोखर उपयोगी ठरले आणि कोणते काढून टाकावे लागले, हे आता खात्रीने लिहिता येईल असे वाटते. माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, उपायांइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक खोका किंवा कपाट करून आवाज कोंडण्यापासून सुरुवात करतात आणि तीच सर्वांत शेवटची पायरी असायला हवी.

आधी यंत्राविषयी. हा एफडीएम प्रकारचा, म्हणजे वितळवलेल्या प्लॅस्टिकचे थर एकावर एक देत भाग घडवणारा, प्रिंटर आहे. २२० × २२० मिमीचा बेड, म्हणजे ज्यावर भाग छापला जातो ती पाटी, मागेपुढे सरकतो, सांगाडा ॲल्युमिनियमच्या खाचेदार पट्ट्यांचा आहे आणि त्या खाचांतून पीओएम या कडक प्लॅस्टिकची चाके धावतात. मोटरी स्टेपर, म्हणजे पायरीपायरीने फिरणाऱ्या, नेहमीच्या नेमा १७ या ठरावीक आकाराच्या असून मूळ बोर्डावर ए४९८८ जातीचे ड्रायव्हर, म्हणजे मोटरींचा विद्युतप्रवाह सांभाळणाऱ्या चिप, होते. ठाण्यात सोसायटीतल्या सदनिकेत मी लहान कारखान्यांसाठी जिग (काम करताना वस्तू नेमकी धरून ठेवणारी साधने) आणि सुटे भाग छापून देतो. एकेका भागाला दहा-बारा तास लागत असल्यामुळे यंत्र रात्री बंद ठेवणे परवडत नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाची झोप मोडणेही मला मान्य नाही.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्याशिवाय या कामाला हात घालू नये. हवेतून कानापर्यंत येणारा आवाज एक, आणि टेबलाच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरून खालच्या घराच्या छतातून निघणारी थरथर दुसरी. खोलीत यंत्र शांत वाटत असतानाही खाली घुमघुम ऐकू येते, ती या दुसऱ्या वाटेने. मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे ॲप इथे फसवते, कारण ते सहसा ‘ए’ भारांकन, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे खालचे सूर कमी मोजण्याची रीत, वापरते आणि या भारांकनात ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. त्यामुळे ॲपचा आकडा फक्त बदलाआधी आणि बदलानंतर, त्याच जागेवरून, तुलनेपुरता वापरावा. डेसिबलची बेरीजही साधी नसते. दोन सारख्या पातळीच्या आवाजांपैकी एक संपूर्ण बंद केला तरी पातळी केवळ ३ डेसिबलने उतरते, तर कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबलची घट लागते. म्हणूनच सर्वांत मोठा आवाज आधी शोधून तोच आधी बंद करावा लागतो. तो तसाच ठेवून बाकीच्यांवर केलेला खर्च जवळपास वाया जातो.

माझ्या यंत्रात तो मोठा आवाज मोटरींचा, म्हणजे खरे तर ड्रायव्हरचा होता. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पूर्ण पायऱ्या घेते. २ मिमी अंतराच्या दात्यांचा बेल्ट आणि २० दात्यांची पुली असल्यास एका फेऱ्यात ४० मिमी सरक मिळते. म्हणजे नोझल (प्लॅस्टिक सोडणारी तोटी) सेकंदाला ६० मिमी वेगाने जात असेल तर मोटर सेकंदाला ३०० पायऱ्या टाकते आणि ३०० हर्ट्झच्या आसपासचा सूर निघतो. वेग १०० मिमी केला की तोच सूर ५०० हर्ट्झवर जातो. वक्राकार भाग छापताना दोन्ही अक्षांचे वेग सतत बदलतात, म्हणून यंत्र गात असल्यासारखे वाटते. ए४९८८ एका पायरीचे जास्तीत जास्त १६ भाग करतो आणि विद्युतप्रवाह तोडत-जोडत नियंत्रित करतो; त्या तोडजोडीमुळे मोटर जागेवर थांबलेली असतानाही बारीक सीं-सीं चालू राहते.

बोर्ड बदलून टीएमसी २२०९ ड्रायव्हर असलेला बसवल्यावर हा आवाज जवळजवळ नाहीसा झाला. या ड्रायव्हरमध्ये आलेल्या १६ भागांच्या मधल्या जागा आपोआप भरून २५६ भाग केले जातात, त्यामुळे मोटरचा दांडा धक्क्याधक्क्याने फिरण्याऐवजी सलग फिरतो. त्याच्या स्टेल्थचॉप पद्धतीत मोटरला दिला जाणारा व्होल्टेज नियंत्रित होतो आणि कानाला ऐकू येणारी तोडजोड उरत नाही. सगळ्या उपायांपैकी एकच करण्याइतकी ऐपत किंवा सवड असेल, तर मी डोळे मिटून हाच सुचवीन.

मात्र स्टेल्थचॉप सरसकट सगळीकडे लावू नये, हे वापरातून पक्के झाले. वेग वाढला की या पद्धतीत मोटरचा जोर कमी पडतो. कडेला वर वळलेल्या थरावर नोझल आपटले तर पायऱ्या चुकण्याची आणि पुढचा सगळा भाग सरकून छापला जाण्याची शक्यता वाढते. याच ड्रायव्हरची दुसरी, स्प्रेडसायकल नावाची पद्धत थोडा आवाज करते, पण जोर टिकवते. एका ठरावीक वेगाच्या वर पहिलीतून दुसरीत आपोआप जाण्याची सोयही आहे; परंतु चालू हालचालीच्या मधोमध पद्धत बदलताना बारीकसा झटका बसतो, म्हणून मी ती सोय बंद ठेवली आहे. दोन्ही आडव्या अक्षांना कायम स्टेल्थचॉप आणि फिलामेंट (प्लॅस्टिकची तार) ढकलणाऱ्या मोटरला कायम स्प्रेडसायकल, अशी मांडणी महिनोन्महिने बिनतक्रार चालली आहे. फिलामेंटच्या मोटरला क्षणोक्षणी मागेपुढे झटके घ्यावे लागतात, तिथे जोरावर तडजोड करण्यात अर्थ नाही.

मोटरी गप्प झाल्याबरोबर पंखे ऐकू येऊ लागले. ते पूर्वीही तेवढाच आवाज करत होते, फक्त झाकले जात होते. ४० मिमीच्या पंख्याला पुरेशी हवा ढकलण्यासाठी फार वेगाने फिरावे लागते आणि आवाजाचे मूळ त्या वेगातच असते. बोर्डाच्या खोक्यावरचा ४० मिमीचा पंखा काढून तिथे संथ फिरणारा ८० मिमीचा बसवला आणि त्या बाजूचा प्रश्न मिटला. हॉटएंडचा, म्हणजे फिलामेंट वितळवणाऱ्या भागाचा, पंखा मात्र जपून बदलावा. चांगल्या प्रतीचा, १२ व्होल्टचा शांत पंखा व्होल्टेज उतरवणाऱ्या छोट्या मॉड्यूलसह २४ व्होल्टच्या यंत्रावर चालतो, पण अशा अनेक पंख्यांचा हवेचा झोत मूळ पंख्यापेक्षा कमी असतो. झोत अपुरा पडला तर उष्णता नोझलकडून वर चढते, फिलामेंट घशातच मऊ होऊन अडकते, आणि ठाण्यातल्या मे महिन्याच्या उकाड्यात हे फार लवकर घडते. मी तिथे २० मिमी जाडीचा, जास्त हवा देणारा पंखा ठेवला आहे, आणि तो थोडा ऐकू येतो हे मला मान्य आहे. रस्त्याच्या बाजूची खोली असेल तर पात्यांवर धूळ बसून तोल बिघडतो व काही महिन्यांत आवाज चढतो; ब्रशने पाती झटकली की तो उतरतो.

आता थरथर. बेड आणि त्यावरचा भाग मिळून सुमारे १ किलो वजन मागेपुढे फिरते असे धरले, तर ३००० मिमी प्रतिसेकंदवर्ग त्वरणाला ३ न्यूटनचे बल लागते आणि तेवढेच बल उलट दिशेने सांगाड्यावर येते. प्रिंटरचे वजन ८ किलोच्या आसपास असते. त्याच्या पायांखाली नुसते मऊ रबर किंवा स्क्वॅशचे चेंडू लावले, तर टेबलाकडे जाणारी कंपने कमी होतात हे खरे, पण यंत्र स्वतःच झोपाळ्यासारखे डोलू लागते. माझ्याकडे ओट्यासाठी आणलेल्या कडप्प्याचा ४५ × ४५ सेंमीचा, २५ मिमी जाडीचा तुकडा पडून होता. त्याचे वजन जवळपास १४ किलो भरते. प्रिंटर त्या दगडावर घट्ट टेकवला आणि फोम दगडाच्या खाली घातला. हलणारे वजन तेवढेच राहिले, पण ज्याला ते हलवायचे त्याचे वजन सुमारे पावणेतीन पट झाले आणि डोलणे त्याच प्रमाणात घटले. फोम यंत्र आणि दगड यांच्या मध्ये घालू नये. तसे केल्यास दगडाच्या वजनाचा काहीच उपयोग होत नाही.

फोम किती मऊ हवा, याला एक सोपा हिशेब आहे. वजन ठेवल्यावर तो किती दबतो हे पट्टीने मोजावे. ४ मिमी दबला, तर वरच्या वजनाची स्वाभाविक वारंवारता सुमारे ८ हर्ट्झ येते आणि तिच्या १.४ पटीच्या वरची, म्हणजे साधारण ११ हर्ट्झच्या पुढची कंपने खाली जाताना घटू लागतात. फोम हलत्या भाराला थोडा ताठ वागतो, म्हणून प्रत्यक्षातला आकडा याहून जरा वर असतो. फोम अगदीच पातळ व कडक असेल आणि जेमतेम अर्धा मिमी दबत असेल, तर वारंवारता २२ हर्ट्झच्या वर जाते आणि बेडच्या धक्क्यांना फारसा अटकाव होत नाही.

टिकाऊपणाचा अनुभव इथेच सर्वांत बोलका आहे. सुरुवातीला घातलेला गादीचा साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम पावसाळा संपेपर्यंत एका बाजूने बसला आणि दगड तिरपा झाला. त्याच्या जागी गाद्यावाल्याकडून रिबॉन्डेड (फोमचा चुरा दाबून-चिकटवून केलेल्या) फोमचे चार चौकोनी तुकडे कापून आणले आणि चारही कोपऱ्यांखाली ठेवले. ते आजवर सारख्या उंचीचे राहिले आहेत. पूर्वी टेबलावर ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर, यंत्र भागाची आतली जागा आडव्यातिडव्या रेघांनी भरत असताना, दाट वर्तुळे उठत. आता पाणी स्थिर दिसते. खालच्या घरी चौकशी केली तेव्हा, यंत्र रात्री चालते हेच त्यांना जाणवले नव्हते.

मोटर आणि सांगाडा यांच्यामध्ये बसवायच्या रबरी चकत्या, म्हणजे दोन पोलादी पत्र्यांमध्ये चिकटवलेले रबर, मी काढून टाकल्या. जुन्या ड्रायव्हरबरोबर त्या निश्चित उपयोगी पडत होत्या, पण नव्या ड्रायव्हरनंतर त्यांनी ऐकू येईल असा फरक पडेना. उलट मोटरची उष्णता सांगाड्यात उतरण्याची वाट रबराने अडवली, मोटर हाताला जास्त तापलेली लागू लागली आणि बेल्टच्या ताणाने मोटर किंचित कलत असल्यामुळे छापलेल्या भागावर कोपऱ्यांजवळ उमटणाऱ्या लाटा वाढल्या. ज्यांना बोर्ड बदलणे शक्य नाही, त्यांच्यासाठी मात्र हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे.

यांत्रिक खडखड शोधायला गॅरेजमधल्या मिस्त्रीची पद्धत फार उपयोगी आहे. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक संशयित जागेवर टेकवून त्याची मूठ कानाच्या पुढच्या हाडाला लावायची आणि हाताने अक्ष सावकाश सरकवायचा. यंत्र चालू असताना हे करू नये. माझ्या यंत्रात बेडच्या हालचालीत अंदाजे ७० मिमीच्या अंतराने एक मंद टक असा ठोका येत होता. चाकाचा घेर साधारण तेवढाच असल्यामुळे दोष चाकात असल्याचे लगेच कळले. फार आवळलेले चाक बरेच दिवस एकाच जागी थांबले, तर प्लॅस्टिकला चपटी जागा पडते. चाक बदलले आणि चाक पट्टीवर दाबणारा विकेंद्री नट फक्त इतकाच आवळला की बोटाने चाक फिरवताना ते घसरण्याऐवजी पट्टी सोबत ओढते. बेल्टही वीणेच्या तारेसारखा ताणून ठेवण्याची गरज नसते; अति ताणाने पुलीच्या बेअरिंगवर भार येऊन त्यांची घरघर वाढते.

इनपुट शेपिंग, म्हणजे कंपन उठू नये अशा रीतीने मोटरींना हालचालीचा हुकूम देणे, याविषयी गैरसमज बराच दिसतो, म्हणून थोडे थांबून लिहितो. त्याने आवाज फारसा कमी होत नाही. वळणानंतर भागावर उमटणाऱ्या लाटा कमी होतात. एमआयटीतील नील सिंगर आणि वॉरन सीअरिंग यांनी १९९० मध्ये ही पद्धत मांडली. तिचे मूळ तत्त्व असे की, हालचालीचा हुकूम दोन भागांत विभागून दुसरा भाग कंपनाच्या अर्ध्या आवर्तनाने उशिरा द्यायचा, म्हणजे दुसऱ्याने उठवलेले कंपन पहिल्याचे कंपन पुसते. अक्षाची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर हा उशीर १० मिलिसेकंदांचा असतो. क्लिपर या फर्मवेअरला (प्रिंटर चालवणाऱ्या आज्ञावलीला) एडीएक्सएल ३४५ हा त्वरणमापक जोडून वारंवारता मोजता येते. मापक नसेल तर चाचणीच्या भागावरच्या लाटांमधले अंतर मोजावे: १०० मिमी वेगाला लाटा २ मिमी अंतरावर असतील, तर वारंवारता ५० हर्ट्झ. दगड व फोम बसवल्यावर, तसेच बेल्टचा ताण बदलल्यावर, हे मोजमाप पुन्हा करणे आवश्यक आहे. माझ्याकडे फोम बदलल्यानंतर बेडच्या अक्षाच्या आलेखात खालच्या टोकाला एक छोटे शिखर नव्याने दिसले; ते फोमवर डोलणाऱ्या दगडाचे आहे आणि छपाईत त्याचा त्रास दिसलेला नाही.

बंद कपाटाचा विचार मी सोडून दिला. मी मुख्यतः पीएलए हे प्लॅस्टिक छापतो, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि बंद जागेत बेडची उष्णता साठत जाते. शिवाय आवाज अडवते ते भिंतीचे वजन आणि फटी नसणे. आतून चिकटवलेला हलका फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज थोडासा शोषतो. साधा पीयू फोम तापलेल्या बेडजवळ लावणे तर आगीच्या दृष्टीने धोक्याचे आहे आणि कुणीही ते करू नये. एबीएस किंवा एएसए ही प्लॅस्टिके छापणाऱ्यांना उष्णतेसाठी बंद जागा लागतेच. त्यांनी जाड प्लायवूड वापरावे आणि वीजपुरवठा व बोर्ड बाहेर ठेवावा.

आज यंत्रात जो आवाज सर्वांत मोठा उरला आहे, तो वीजपुरवठ्याच्या डब्यातल्या पंख्याचा. तो तापमानानुसार चालू-बंद होतो, त्यामुळे शांततेत अचानक सुरू झाला की अधिक जाणवतो. तिथे लहान क्षमतेचा बिनपंख्याचा डबा लावून चालणार नाही, कारण २४ व्होल्टचा बेडच २०० वॅटच्या वर घेतो. बिनपंख्याचा, पण ३०० वॅटच्या वर क्षमता असलेला आणि धातूच्या पत्र्यावर आवळून उष्णता उतरवणारा डबा मी निवडला आहे. २३० व्होल्टची जोडणी आणि अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेणार आहे.