क्लासचा मेसेज की घरची वही?

मूल नववीत गेलं की एक तर चांगला क्लास लावून त्यांच्या मेसेजवर लक्ष ठेवायचं, नाहीतर आठवड्यातून दोनदा स्वतः वही घेऊन बसायचं. मी एकाच मुलीवर दोन्ही करून पाहिलंय.

क्लासची सोय नाकारता येत नाही. माझी कारखान्यात शिफ्ट. त्यात सोलापूरचं पाणी, चार-पाच दिवसांनी आणि तेही अवेळी. त्या दिवशी घरात अभ्यासाचं नाव काढता येत नाही. हजेरी, गुण, फी, सगळं मोबाइलवर मिळतं. सरही मनापासून शिकवतात.

मला खटकलं ते एवढंच. दर शनिवारी रात्री पावणेदहाला मेसेज यायचा : ‘भूमिती 11/20. पालकांनी लक्ष द्यावे.’ पुढच्या शनिवारी 10, मग परत 11. लक्ष द्यायचं ते नेमकं कुठं? फोन केला, तर ‘सराव वाढवा’. वाढवला. गुण तिथंच.

शेवटी जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसून आलो त्या रात्री, वही मागितली.

‘पप्पा, तुम्हाला काय कळणार यातलं?’

खरंय, माझी स्वतःची दहावी कशीबशी निघाली. पण पक्ष, साध्य, सिद्धता नीट लिहिलेलं आणि प्रत्येक ओळीपुढचा कारणाचा कंस रिकामा, हे मलाही दिसलं. पान उलटलं, तेच. फळ्यावरच्या ओळी उतरवून घ्यायच्या, कारणं नंतर भरू म्हणायचं. त्या कंसात ‘व्युत्क्रम कोन’ का येतो, हे तिला तीन महिने कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. दहावीला भूमितीचा 40 गुणांचा वेगळा पेपर असतो, तिथं हेच महागात गेलं असतं.

शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्यात. पण तो कायदा आठवीपर्यंतचा. आपणही नेमके तिथंच हात काढून घेतो, असं आपलं मला वाटतं.

आई-बाप दोघंही रात्रपाळीला असतील तर मेसेजवरच भागवावं लागेल, त्यात कुणाला बोल लावणार? रोज उठून वही तपासू नका मात्र, पोरं लपवायला लागतात. आमच्याकडे बुधवार आणि रविवार, भाकरी झाल्यावर अर्धा तास. ती कारण सांगते, मी नुसतं ‘का?’ म्हणतो. चिडते कधीकधी.

क्लास सोडलेला नाही. शनिवारचा मेसेज अजून येतो. तो आला की आधी वही मागतो.