निंबोळी तेल १५०० पीपीएम: माव्यावर लई भारी, तांबेऱ्यावर पैसे पाण्यात

आमचं करवीर तालुक्यात उसाच्या कडेला ३ गुंठे गोल्डन रॉड (बुकेत भरायची पिवळ्या तुऱ्याची फुलं) हाय, कोल्हापुरातल्या बुकेवाल्यांना जातं. दिवाळीनंतर शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारकी कीड) असा काय बसला की पानं चिकट, देठावर मुंग्यांची रांग आणि तुरा पिवळा व्हायच्या आधीच वाकडा. चूक आमचीच, युरिया जरा जास्तच पडलेला, पाला लुसलुशीत झाला की मावा येतोच.

कृषी सेवा केंद्रात गेलो तर त्यानं ही निंबोळी तेलाची बाटली हातात ठेवली (१५०० पीपीएम म्हणजे त्यातल्या कडुनिंबाच्या कीडनाशक अंशाचं प्रमाण), म्हणे सगळ्यावर चालतंय. थंडीत तेल गोठून बसलेलं, कोमट पाण्यात बाटली ठेवल्यावर सुटलं. लिटरला ५ मिली घेतलं, पाणी दुधासारखं पांढरं झालं की समजायचं नीट मिसळलंय, नुसता तवंग आला तर थोडं साबणाचं पाणी घाला. संध्याकाळी मारलं, तेही पानाच्या खालून, कारण मावा तिथंच लपतो. दुसऱ्या दिवशी बघितलं तर किडे जिवंतच, म्हटलं गंडलो. पण हे औषध लगेच मारत नाही, किड्याचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतं, त्यामुळं ४-५ दिवस कळ काढायला लागते. आठवड्यानं दुसरी फवारणी केली आणि शेंडे मोकळे झाले. ढालकिडे पण बरेचसे टिकले, आता उरलासुरला मावा तेच खातायत.

आता वाईट काय ते. पानाखाली नारिंगी पूड दिसली म्हणजे तांबेरा हा बुरशीचा रोग, त्यावर ह्या तेलाचा काडीचा उपयोग झाला नाही आणि दुकानदाराच्या 'सगळ्यावर' मुळं माझे दोन आठवडे गेले. शेवटी खालची पानं तोडून जाळली, पानं भिजवणारं तुषार सिंचन बंद करून ठिबक लावलं, मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारलं तेव्हा पसरायचं थांबलं. भुरीला (पानावरची पांढरी बुरशी) गंधक चालतं पण तेल मारल्यावर निदान १५ दिवस थांबा, नाहीतर पानं करपतात.

५ पैकी ३ स्टार. माव्यासाठी परत घेणार. फक्त तोडणीच्या तोंडावर मारू नका, मी मारलं आणि बुकेवाल्यानं जुडी नाकाला लावून विचारलं, "काय दादा, आज पाडवा हाय का?"