अंगकोर वाटची ‘सूर्य सहल’: पहाटेला निम्मे गुण, दुपारला पूर्ण

कंबोडियातील सिएम रीप येथील एका स्थानिक सहल कंपनीने वसंतसंपाताच्या, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या दिवसाच्या, सुमारास एका दिवसाची जी ‘सूर्य सहल’ ठेवली होती, ती आम्ही दोघांनी मार्चच्या 21 तारखेला घेतली. पहाटे अंगकोर वाटचा सूर्योदय, दुपारी सावलीचे निरीक्षण आणि संध्याकाळी प्नोम बाखेंग या मंदिराची टेकडी असा कार्यक्रम होता. मंदिर परिसराचे प्रवेशपत्र सहलीच्या शुल्कात धरलेले नसते, ते आपले आपणच काढायचे. एका दिवसाचे 37 डॉलरला मिळते आणि तीन दिवसांचे 62 डॉलरला. आम्ही तीन दिवसांचे काढले होते, आणि पुढे तेच उपयोगी पडले.

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बांधलेले हे विष्णुमंदिर पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे पश्चिमेच्या प्रवेशद्वारातून मंदिराकडे पाहणारा माणूस पूर्वेकडे पाहत असतो, आणि संपाताच्या दिवसांत उगवलेला सूर्य त्याला मधल्या शिखराच्या माथ्यावर टेकलेला दिसतो. सहलीच्या जाहिरातीतले छायाचित्र याच क्षणाचे होते. प्रत्यक्षात मात्र आमच्या मार्गदर्शकाने पहाटे साडेपाचला सगळ्यांना नेऊन उभे केले ते फरसबंदी वाटेच्या उत्तरेकडील तळ्याच्या काठावर, कारण पाण्यात प्रतिबिंब पडते आणि छायाचित्र चांगले येते. तेथे शे-दोनशे माणसे आधीच दाटीवाटीने उभी होती. प्रतिबिंब सुरेख होते, यात वाद नाही. परंतु मंदिराचा अक्ष, म्हणजे त्याची पूर्व-पश्चिम मध्यरेषा, सोडून उत्तरेला सरकले की शिखर उजवीकडे जाते आणि सूर्य त्याच्या डावीकडे भलत्याच ठिकाणी वर येतो, ही साधी भूमिती आहे. ज्या योगासाठी ही तारीख निवडून पैसे घेतले गेले, तो त्या जागेवरून दिसणे शक्यच नव्हते. मी तसे बोलून दाखवले तेव्हा ‘सगळे इथूनच बघतात’ असे उत्तर मिळाले.

दुसरी गोष्ट तारखेची. वसंतसंपात हल्ली बहुधा 20 मार्चला येतो, पण त्या दिवशी अगदी पूर्वेला उगवलेला सूर्यही वर चढताना सरळ चढत नाही, साधारण 13.4 उत्तर अक्षांशावर तो तिरका, दक्षिणेकडे कलत जातो, आणि 65 मीटर उंच शिखराच्या टोकाइतका वर येईपर्यंत उजवीकडे सरकलेला असतो. मंदिराचा अक्षही पूर्वेपासून अर्धा-पाऊण अंश दक्षिणेला कललेला आहे, तरी त्याने ही तूट पूर्ण भरून निघत नाही. म्हणून कळसाचा नेमका योग संपातानंतर दोन-तीन दिवसांनी साधतो. आम्ही 23 तारखेला स्वतःच टुकटुक करून गेलो आणि पश्चिम गोपुराच्या मधल्या दारात उभे राहिलो. सूर्य क्षितिजावर आला तेव्हा मंदिराच्या काळ्या आकृतीमागे केवळ तांबूस धुरकटपणा होता. साडेसहानंतर काही मिनिटांनी शिखराच्या कमळकळीसारख्या टोकाची डावी कड आधी उजळली, आणि मग अख्खे बिंब त्या टोकावर असे बसले की एखाद्या समईची ज्योतच. शेजारी जेमतेम दहा-बारा माणसे होती. कोल्हापूरच्या महालक्ष्मीचा किरणोत्सव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. तेही मंदिर पश्चिमाभिमुखच, फक्त तेथे किरणे मावळतीची असतात.

आता कौतुकाचे. दुपारचा भाग दुसऱ्या, वयस्क मार्गदर्शकाकडे होता आणि तो पूर्ण गुण देण्याजोगा झाला. त्यांनी सपाट फळीवर 12 सेंटिमीटरचा शंकू, म्हणजे सावली मोजण्याची काठी, ओळंब्याने उभा केला, त्याभोवती खडूने वर्तुळे काढली, आणि साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक प्रत्येकाला आळीपाळीने टिपायला लावले. सर्वांत आखूड सावली बाराला न पडता बारा वाजून बारा मिनिटांच्या सुमारास पडली, आणि ती तीन सेंटिमीटरच्या किंचित आत भरली. घड्याळातील बारा आणि सूर्याचे बारा निराळे का, हे पुस्तकात दहादा वाचूनही जे पटत नाही ते त्या फळीवर पटले. आपल्या पंचांगातील पलभा म्हणजे हेच माप: संपाताच्या मध्यान्ही 12 अंगुळांच्या शंकूची सावली पुण्यात चार अंगुळे पडते, अंगकोरला तीनही भरत नाही. शून्य सावलीचा, म्हणजे मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येण्याचा, दिवसही तेथे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येतो, आपल्यासारखा मे उजाडावा लागत नाही.

मंदिराच्या मापांविषयी जे सांगितले गेले, ते मात्र जपून घ्यावे. वाटेवरील अंतरे ख्मेर हातांत, म्हणजे तेथील जुन्या लांबीच्या मापात, मोजली की 1728, 1296, 864 आणि 432 असे चार युगांच्या हजार वर्षांचे आकडे येतात, हे ‘सिद्ध झाले आहे’ असे पहाटेचे मार्गदर्शक म्हणाले. अभ्यासकांनी तसे मांडले आहे, हे खरे. पण त्या हाताची लांबी याच वास्तूच्या मापांवरून ठरवलेली आहे, आणि मोजणी कोठून कोठपर्यंत करायची हेही निवडावे लागते. मला त्यापेक्षा शिलालेखांतील शक अधिक मोलाचा वाटतो. कंबोडियात सापडलेल्या एका शिलालेखावर शके 605, म्हणजे इ.स. 683, असे वर्ष कोरलेले आहे आणि त्यातील शून्य ठिपक्याने दाखवले आहे. आपल्या पंचांगावर छापला जातो तोच हा शक. सहलीत याचा उल्लेखही झाला नाही.

बाखेंगला माथ्यावर जाण्यासाठी रांगेत बराच वेळ गेला, आणि मधल्या शिखराभोवतालच्या 108 लहान शिखरांपैकी एका बाजूच्या मध्यावरून 33 दिसतात ही मोजणी घाईत उरकली.

पाचांपैकी तीन तारे. दुपारचे निरीक्षण वेगळे मिळत असेल तर तेवढेच घ्यावे. पहाटेसाठी 22 किंवा 23 मार्चला स्वतः जावे, तळ्याकडे न वळता पश्चिमेच्या दारातच थांबावे, आणि सूर्याकडे पाहण्यासाठी सौरचष्मा बरोबर ठेवावा, कारण बिंब शिखरावर येईपर्यंत डोळ्यांना झेपण्यासारखे राहिलेले नसते.