तळवासी सूक्ष्मशैवालांची ओळख पटवणारी कोल्हापुरातील प्रयोगशाळा : एक अभिप्राय

राजारामपुरीतील एका लहान खासगी प्रयोगशाळेकडून आम्ही पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी सागरी सूक्ष्मशैवालांची ओळख पटवून घेतली. नमुने मालवणजवळच्या, सागरी अभयारण्याच्या हद्दीबाहेरील खडकांवरचे होते. सारगॅसम आणि पॅडिना या मोठ्या शैवालांना चिकटून राहणारे डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे चाबकासारख्या दोन शेपट्यांनी पोहणारे एकपेशीय जीव, आम्हाला तपासायचे होते. पाण्यात तरंगणारे प्लवक ओळखणारे जाणकार पुष्कळ भेटतात. पण वाळूत, खडकावर किंवा शैवालाच्या अंगावर वाढणाऱ्या या पेशींची नीट जाण असलेली माणसे घाटावर, तीही कोल्हापुरात भेटतील असे वाटले नव्हते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

नमुना कसा आणायचा याच्या सूचना आधीच मिळतात आणि त्या अचूक आहेत. शैवाल गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात जोराने हलवायचे, ते पाणी आधी सुमारे 200 मायक्रॉनच्या आणि नंतर 20 मायक्रॉनच्या चाळणीतून काढायचे. पहिल्या चाळणीवर कचरा अडकतो, दुसरीवर हव्या त्या पेशी उरतात. त्यांच्या दोन बाटल्या करायच्या, एक जिवंत नमुन्याची आणि एक लुगॉल द्रावण (पेशी टिकवणारे आयोडीनचे द्रावण) घातलेली. जिवंत बाटली बर्फात ठेवू नका, असे त्यांनी बजावून सांगितले होते, आणि फोंडा घाटातून आलेल्या आमच्या नमुन्यातील पेशी भिंगाखाली खरोखरच हलताना दिसल्या.

या सेवेतील सर्वांत उत्तम भाग सूक्ष्मदर्शकाचा आहे. विद्यार्थ्यांना शेजारी बसवून दाखवण्याची त्यांची तयारी असते. प्रोरोसेंट्रम लिमा या डायनोफ्लॅजेलेटची अंडाकृती पेशी, तिच्या मध्यभागी ठळक दिसणारा पायरेनॉइड (हरितलवकातील प्रथिनाचा गोळा) आणि पुढच्या टोकाची उथळ खाच आधी साध्या प्रकाशात दाखवली. मग कॅल्कोफ्लुअर हे रंजक घालून अतिनील प्रकाशात ऑस्ट्रिऑप्सिस या दुसऱ्या डायनोफ्लॅजेलेटची पेशी पाहिली, तेव्हा थेंबासारख्या त्या पेशीवरील सेल्युलोजच्या पट्टिकांच्या कडा निळ्या उजळल्या आणि एकेक पट्टिका मोजता येऊ लागली. शास्त्रज्ञ कोफॉइड यांच्या पद्धतीने पट्टिकांना क्रमांक देत प्रजातीपर्यंत जाण्याची ही वाट कष्टाची आहे, पण तिला पर्याय नाही, कारण नुसत्या बाह्याकारावर विसंबल्यास कूलिया हा आणखी एक डायनोफ्लॅजेलेट आणि लहान ऑस्ट्रिऑप्सिस यांचीही गल्लत होऊ शकते. गॅम्बिअरडिस्कस या डायनोफ्लॅजेलेटच्या बाबतीत तर काही ठरावीक पट्टिकांच्या आकारावर आणि रुंदीवर प्रजाती ठरते. याच जातीतील (जात म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) गोलसर पेशींच्या प्रजातींचा गट 2015 मध्ये फुकुयोआ या नावाने वेगळा काढण्यात आला, त्यामुळे जुन्या चित्रांवरून केलेली ओळख आज पुन्हा तपासावी लागते. प्रयोगशाळेने आमच्या ऑस्ट्रिऑप्सिसला प्रजातीचे नाव दिले नाही. ‘डीएनए अनुक्रमाविना जातीपुढे जाता येत नाही’ असे अहवालात स्पष्ट लिहिले. मला हा संयम फार मोलाचा वाटतो. रायबोसोमल डीएनएचे (प्रजाती ओळखायला वापरला जाणारा डीएनएचा भाग) अनुक्रमण ते बाहेरून करून घेतात आणि त्याचे शुल्क वेगळे असते.

विषाबाबत त्यांनी तितकीच स्पष्ट भूमिका घेतली. प्रोरोसेंट्रम लिमा ओकाडाइक आम्ल तयार करते, ते तिसऱ्या, शिणाणे अशा शिंपल्यांच्या अंगात साठते आणि खाणाऱ्यास जुलाब-उलट्या होतात. गॅम्बिअरडिस्कसची विषे अन्नसाखळीतून तांबोशी, हेकरू अशा माशांत साचून ते खाणाऱ्यास सिग्वाटेरा ही विषबाधा होते, जिच्यात गार वस्तू हाताला पोळल्यासारखी लागते आणि मासा कितीही शिजवला तरी विष जात नाही. मंगळूरला अशी विषबाधा नोंदली गेली असल्याने पश्चिम किनाऱ्यावर हा विषय दूरचा राहिलेला नाही. ऑस्ट्रिऑप्सिसमुळे 2005 मध्ये इटलीतील जेनोआच्या किनाऱ्यावर सुमारे 200 लोकांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास झाला, तो लाटांच्या तुषारांतून. तरीही पेशी दिसली म्हणजे विष आहे असे ठरत नाही, कारण एकाच प्रजातीच्या दोन वाणांत विषाचे प्रमाण कितीतरी पटींनी वेगळे असू शकते. त्यासाठी पेशींचे संवर्धन वाढवून द्रव वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन (विषाचे रेणू वेगळे करून मोजण्याची यंत्रपद्धत), किंवा चेतापेशींवरील चाचणी करावी लागते. युरोपीय संघाने शिंपल्यांत ओकाडाइक आम्ल गटाची मर्यादा प्रतिकिलो 160 मायक्रोग्रॅम ठेवली आहे, तर सिग्वाटॉक्सिनच्या, म्हणजे सिग्वाटेराच्या विषाच्या, पॅसिफिक प्रकारासाठी अमेरिकेची मार्गदर्शक पातळी प्रतिकिलो 0.01 मायक्रोग्रॅम आहे. इतके सूक्ष्म मोजमाप लहान प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचे आहे. अहवालात ‘विषचाचणी केलेली नाही’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि कोणाही ग्राहकाने त्यांच्याकडून मासळी सुरक्षित असल्याचा दाखला मागू नये.

उणिवाही आहेत. आमच्या पहिल्या अहवालातील छायाचित्रांवर मोजपट्टी नव्हती, ती सांगितल्यावर घातली गेली. मोजपट्टीविना 30 आणि 60 मायक्रॉनच्या पेशी सारख्याच दिसतात, त्यामुळे ही बाब किरकोळ मानता येणार नाही. अनुक्रमणाचा निकाल सांगितलेल्या मुदतीत आला नाही. अहवाल केवळ इंग्रजीत मिळतो, मच्छीमार सोसायट्यांसाठी मराठी गोषवारा जोडायला हवा.

पाचपैकी चार तारे. संशोधक विद्यार्थी व अध्यापकांनी ही सेवा निःशंकपणे घ्यावी. नमुना देताना पाण्याचे तापमान, क्षारता आणि कोणत्या शैवालावरून पेशी काढल्या त्याची नोंद बाटलीवर पेन्सिलीने करावी आणि त्या शैवालाचे ओले वजन न विसरता लिहावे. ते नसेल तर प्रतिग्रॅम शैवालावर किती पेशी होत्या हे प्रयोगशाळेला काढून देता येत नाही.