गव्हाचं वाण की जिवाणूंची बीजप्रक्रिया: आधी कशाकडे बघायचं?

पेरणी लांबली असेल तर पहिला पैसा वाणावर घाला, पेरणीआधी बियाण्याला चोळायच्या जिवाणूंच्या पाकिटांचा विचार त्यानंतर. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात, पण त्यांची कामं अगदी वेगळी आहेत.

गहू कधी निसवणार हे मुख्यतः दोन जनुकांवर ठरतं. युरोपातल्या हिवाळी गव्हात व्हीआरएन-१ हे जनुक काही आठवडे कडाक्याची थंडी मिळाल्याशिवाय जागं होत नाही. तो गहू निफाडला पेरला तर पाला वाढेल, ओंबीची वाट बघत बसावं लागेल. आपल्या वाणांत ते थंडीसाठी अडून बसत नाही. दुसरं पीपीडी-डी१. त्याचं मूळ रूप दिवस मोठे होईपर्यंत फुलोरा रोखतं. गहू-संशोधक नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत हिवाळ्यात सोनोरा आणि उन्हाळ्यात टोलुका अशा वर्षाला दोन पिढ्या घेतल्या. दोन्हीकडे तगेल तेवढाच गहू पुढे गेला, त्यामुळे दिवसाच्या लांबीला न जुमानणारी रोपं आपसूक निवडली गेली. हरितक्रांतीत भारतात आलेला गहू तोच.

आपल्याकडे खरी अडचण आहे फेब्रुवारी-मार्चच्या उन्हाची. दाणा दुधात असताना ऊन तापलं की तो चिमतो. म्हणून नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा साधला तर त्र्यंबक, तपोवन ही वाणं. डिसेंबर उजाडला तर एनआयएडब्ल्यू ३४. फुले समाधान दोन्हीकडे चालतो, आणि तारखेचा भरवसा नसेल तर मी तोच घेईन. १५ नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल घट धरतात. उशिरा फुटवे कमी येतात, म्हणून बियाणंही हेक्टरी १२५ ते १५० किलो लागतं. ही घट जिवाणूंचं कुठलंही पाकीट भरून काढत नाही.

मग जिवाणू कशाला? मुळांसाठी. स्यूडोमोनास हा जिवाणू मुळाभोवती वस्ती करतो, तिथलं लोह ओढून घेतो आणि रोगट बुरशीला मारक द्रव्यं सोडतो. लिंडा थॉमशो आणि डेव्हिड वेलर या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये दाखवलं की असं मारक द्रव्य बनवण्याची क्षमता काढून घेतली की गव्हाच्या मूळकुज्या बुरशीविरुद्ध त्या जिवाणूचा जोर बराच ओसरतो. अझोटोबॅक्टर हा जिवाणू नत्रासाठी, पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू स्फुरदासाठी. या दोघांकडून रोगाचा बंदोबस्त मागू नये.

तांबेरा या पानांवरच्या बुरशीरोगाला मात्र हे जिवाणू नाहीत, वाणाची प्रतिकारशक्ती कामाची. ओंबीची काळी भुकटी करणाऱ्या काणी या बुरशीरोगाचं प्रकरण आणखी चिवट. तिचे बीजाणू उमललेल्या फुलातून शिरतात आणि पुढच्या बियाण्याच्या गर्भात दडून बसतात. वरून चोळलेला जिवाणू तिथे पोचतच नाही, तिथे कार्बोक्सिनसारखं आंतरप्रवाही, म्हणजे आत भिनणारं बुरशीनाशकच लागतं.

वाण वेळेप्रमाणे ठरलं असेल, तर जिवाणूंची बीजप्रक्रिया जरूर करा, खर्च फार नाही. आधी बुरशीनाशक, मग जिवाणू. अझोटोबॅक्टर आणि पीएसबी प्रत्येकी दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, थंड केलेल्या गुळाच्या पाण्यात कालवून. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. पाकिटाची मुदत बघा, आणि दुकानदाराने ते उन्हात मांडलं असेल तर दुसरीकडून घ्या.