पिकॅटिनी, कीमॉड की एम-लॉक? हँडगार्ड घेण्याआधी

टेक्सासातल्या माझ्या मेव्हण्याने एआर-१५ रायफल घेतली आणि आठवडाभरात त्याचा फोन आला. हँडगार्ड, म्हणजे नळीभोवतीचं पुढच्या हाताने धरायचं आवरण, बदलायचा होता. त्यावर टॉर्चसारख्या वस्तू बसवायच्या तीन पद्धती आहेत: पिकॅटिनी, कीमॉड आणि एम-लॉक. दुकानदार एम-लॉक घ्या म्हणतोय, कुणीतरी जुना कीमॉड निम्म्या किमतीत देतोय, आणि साहेबांना स्वतःला मात्र फोटोत दिसतात ते चारी बाजूंनी खाचा असलेलेच, म्हणजे पिकॅटिनीचे, आवडतात. तिन्ही प्रकार थोडेथोडे वापरून झाल्यामुळे माझं मत पक्कं आहे, ते आधीच सांगून टाकतो: नवा घेत असाल तर एम-लॉक, पण माथ्यावर पिकॅटिनीची पट्टी असलेला.

पिकॅटिनी हे न्यू जर्सीतल्या लष्करी शस्त्रसंशोधन केंद्राचं नाव. तिथल्याच एडिसन गावच्या मराठी मंडळींना गाडीने तासाभराचं अंतर. त्याआधी दुर्बीण बसवायला वीव्हरची पट्टी असायची, पण तिच्या खाचांमधलं अंतर ठरलेलं नव्हतं, त्यामुळे एकाचं माउंट (दुर्बीण धरणारी बैठक) दुसऱ्याच्या पट्टीवर बसेलच याची खात्री नसे. १९९५ सालच्या लष्करी मानकाने हा गोंधळ मिटवला: खाच ५.२३ मिमी रुंद, ३ मिमी खोल, आणि एका खाचेच्या मध्यापासून पुढचीच्या मध्यापर्यंत १०.०१ मिमी. माउंट पट्टीला बाहेरून दोन्ही कडांनी आवळतं आणि त्याचा आडवा बोल्ट खाचेत बसतो, म्हणून धक्क्याने ते पुढेमागे सरकत नाही. दुर्बीण काढून त्याच खाचेत परत लावली तर नेम जवळजवळ होता तिथेच येतो. नंतरच्या दोन्ही पद्धतींना ही गोष्ट इतक्या सहज साधलेली नाही.

मग चारी बाजूंना हीच पट्टी का नको? कारण ती हातात धरायची असते. उघड्या पट्टीवर डावा हात ठेवून तासभर सराव करा, किसणी धरल्यासारखं वाटेल. म्हणून वरून रबरी आवरणं चढवायची. त्याने जाडी वाढते, वजन वाढतं, आणि तेही नेमकं नळीच्या टोकाकडे, जिथे प्रत्येक ग्रॅम खांद्याला कळतो. शिवाय वीस-पंचवीस खाचांपैकी वापरात येतात तीन-चार.

यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये कीमॉड आलं. ॲरिझोनातल्या व्हीएलटॉर कंपनीची रचना, नोव्हेस्की या रायफल बनवणाऱ्या कंपनीच्या साथीने बाजारात आणलेली, आणि कुणालाही फुकट बनवता येईल अशी खुली. भिंतीवरच्या घड्याळामागे खिळ्यात अडकवायला जे भोक असतं, एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळतं, तसंच हे. नट रुंद भागातून आत घालायचा, अरुंद भागाकडे सरकवायचा आणि आवळायचा. कल्पना देखणी आहे. अडचण अशी की पकड भोकाच्या आतल्या तिरक्या कडेवर अवलंबून असते. ती कड नेमकी कापली नाही तर जोड ढिला राहतो, आणि ती बाहेरून दिसत नसल्यामुळे घेताना आपल्याला काही कळत नाही. माझ्या एका स्वस्तातल्या कीमॉड हँडगार्डवर टॉर्च दर रविवारी नव्याने आवळावी लागायची.

एम-लॉक मॅगपुल कंपनीने २०१४ मध्ये आणलं. बनवणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो, पण त्याचे पैसे पडत नाहीत. इथे भोक म्हणजे साधी लांबट फट, ३२ मिमी लांब आणि ७ मिमी रुंद, दोन फटींमध्ये ८ मिमी जागा. म्हणजे दर ४० मिमीला नवी फट, पिकॅटिनीच्या साधारण चार खाचांइतकी. स्क्रू आवळायला लागलं की आतला टी-नट (इंग्रजी टी अक्षरासारखा नट) पाव वळण फिरून आडवा होतो. गावाकडच्या जुन्या खिडकीची लाकडी खिटी आठवा, तेच तंत्र. फट कापायला सोपी असल्याने उत्पादकाला चुकायला वाव कमी, आणि कीमॉडला धातूच लागतो तसं इथे नाही, प्लास्टिकच्या हँडगार्डवरही चालतं.

बाजाराचा कल खरा फिरला तो एका चाचणीने. अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडसाठी इंडियानातल्या क्रेन इथल्या नौदल केंद्राने या पद्धती तपासल्या, आणि २०१७ मध्ये निष्कर्ष बाहेर आले. वस्तू काढून परत लावल्यावर एम-लॉकवर नेम सरासरी १.३ एमओए (कोनाचं माप) सरकला, कीमॉडवर सरासरी ४.९ आणि एका हँडगार्डवर तर १४.९ एमओएपर्यंत. शंभर मीटरवर एक एमओए म्हणजे सुमारे २९ मिमी. तेव्हा एकीकडे सरासरी चारेक सेंटिमीटर आणि दुसरीकडे वाईटात वाईट हातभर फरक. वजन टांगून ओढून पाहिलं, आपटून पाहिलं, तिथेही एम-लॉकच टिकलं. आता दुकानात कीमॉडचं नवं सामान शोधावं लागतं. टॉर्च, ग्रिप (पुढच्या हाताची मूठ), रायफल खांद्याला अडकवायच्या पट्ट्याचे कडे हे सगळं तुमच्याकडे आधीच कीमॉडचं असेल तर घ्या खुशाल. हँडगार्ड स्वस्त मिळतोय एवढ्यासाठी मात्र नको, पुढचं सामान मिळवताना ती बचत खर्ची पडते.

एम-लॉकलाही खोडी आहेत. नट कधीकधी फिरतच नाही, स्क्रूसोबत नुसता गरगरतो, आणि वरून आवळल्यासारखं वाटतं. शेजारच्या फटीतून टॉर्च मारून नट आडवा झालाय का ते पाहायचं, मगच पुढे जायचं. हँडगार्ड अरुंद असेल तर स्क्रूचं टोक आत गॅस ब्लॉकला (नळीवरच्या वायू वळवणाऱ्या ठोकळ्याला) टेकू शकतं. नळीला काही न टेकता ती मोकळी राहावी म्हणून पैसे मोजायचे आणि स्क्रूने ती परत अडवायची, हा मूर्खपणा मी केलेला आहे.

आणि एक गोष्ट तिन्ही पद्धतींच्या हातात नाही. हँडगार्ड स्वतःच नळीच्या नटाजवळ (नळी रायफलीला जोडणाऱ्या नटाजवळ) नीट पकडलेला नसेल तर बायपॉडवर, म्हणजे पुढच्या दोन पायांच्या टेकूवर, भार टाकताच तो किंचित वाकतो, आणि त्यावरचं लेझर भलतीकडे बघू लागतं. तेव्हा भोकांचा आकार बघण्याआधी तो जोड बघा. दुर्बीण तर हँडगार्डवर बसवूच नका, तिची जागा मागे रिसीव्हरवर, म्हणजे रायफलीच्या मधल्या मुख्य भागावर.

लांब पल्ल्याची नेमबाजी करणाऱ्यांनी खालच्या बाजूला आर्काची पट्टी असलेला हँडगार्ड बघावा. ही कॅमेऱ्याच्या तिपाईवरून आलेली, सुमारे ३८ मिमी रुंद. तिच्यावर बायपॉड सरकवून हव्या त्या जागी आवळता येतो, फटी मोजाव्या लागत नाहीत. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं त्या ५० मीटर थ्री पोझिशनच्या रायफली पाहिल्या असतील, तर त्यांच्या पुढच्या भागाखाली अशीच लांब खोबण असते. हाताचा टेकू आणि पट्टा तीत सरकवून बसवतात. सोय तीच, माप वेगळं.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी उभी ग्रिप मागवण्याआधी राज्याचा कायदा वाचावा. मॅगझिन काढता येणाऱ्या सेमी-ऑटो (घोडा दाबाल तेव्हा एक गोळी) सेंटरफायर (काडतुसाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या) रायफलवर ती तिथे चालत नाही, मग ती कुठल्याही पद्धतीने बसवा.

मेव्हण्याने शेवटी पंधरा इंची एम-लॉक घेतला. टॉर्चसाठी पिकॅटिनीचा एक छोटा तुकडा फटीत बसवला, पट्ट्यासाठी एक कडं, बस्स. बाकी सगळ्या फटी रिकाम्या आहेत, आणि हात कुठेच खरचटत नाही म्हणतो.